काकांचं लेखी उत्तर

कागदाला कागदानं उत्तर देण्यात आमच्या आत्याच्या दिरांचा हात धरणारा माणूस सातारा-सांगलीत तरी दुसरा नसावा. गाव वडूज, पलटणीत कारकुनी केलेली, आणि निवृत्तीनंतर माधवनगरला भाड्याच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. लग्नाची पत्रिका आली तरी काका कार्ड टाकणार, ‘आपले पत्र मिळाले, मजकूर समजला.’ मोबाइलवर कुणी गुलाबाच्या चित्रासकट ‘सुप्रभात’ धाडलं, तर त्यालाही हेच उत्तर, खाली तारीख आणि वेळ. बिलामागं छापलेल्या ‘वीज वाचवा’ला त्यांनी ‘अंमल सुरू केला आहे’ असं रीतसर कळवलं होतं. वीज खात्याचं त्यावर काय झालं, देव जाणे!

मी त्यांच्याच गल्लीत भाड्यानं राहतो आणि कुपवाडला लेथवर काम करतो. तीनेक वर्षांमागं माझ्या घरमालकाला खोली स्वतःसाठी हवीशी झाली आणि वकिलाची नोटीस आली. मी पडलो शहाणा! बायकोला म्हटलं, पोस्टमनला सांग, घेत नाही म्हणून. नोटीस घेतलीच नाही तर ती आलीच नाही, हा आमच्या गल्लीचा सर्वमान्य कायदा. काकांना हे कळलं मात्र, बनियनवरच आले. “आरं गड्या, परत धाडलीस तरी मिळाली असंच धरत्यात! सही करून घ्यायची, तारीख-वेळ टाकायची, मग घाम पुसायचा.” मी विचारलं, “पण काका, सामान बाहेर टाकलं तर?” “कोण टाकतोय? कोर्टाच्या हुकमाबिगर तुला कुणी हलवू शकत न्हाई. मालकाची गरज खरी हाय का, आन् अडचण जास्त कुणाची, ते कोर्ट बघतंय. तू भाडं चुकवू नगंस. घेतलं न्हाई तर मनिऑर्डर कर.” मग उत्तराचा मसुदा लिहून मला वकिलाकडं पिटाळलं, कारण स्वतः वकील नसल्याचं त्यांना लय भान. ते उत्तर गेलं आणि मालकाची गरज कुठं विरली कोण जाणे. मी अजून तिथंच आहे.

गेल्या साली नोटीस आली ती खुद्द काकांना. त्यांची मालकीण, आम्ही सगळे तिला चाची म्हणतो, वरच्या मजल्यावर मुला-सुनेच्या गोतावळ्यात राहायची. गुडघे पार गेलेले, म्हणून काकांच्या तळमजल्याच्या खोल्या तिला हव्या होत्या. दवाखान्यात न्यायचं तर दोघं तिला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवायचे. काकांनी नोटीस ऐटीत सही करून घेतली, पानाच्या मधोमध रेघ मारली, एकीकडं तिची अडचण लिहिली, दुसरीकडं आपली. तिची बाजू भरून मागच्या पानावर गेली. यांच्या बाजूला एकच शब्द होता, ‘सवय’. मग तोही खोडला. मला राहवेना. “आवं काका, एवढी वर्षं राहिलाय, लढा की! जिंकाल तुमी!” “जिंकीन की. पर मग ती उतरायची कशी रं?”

खोल्या सोडतो म्हणून उत्तर लिहिलं, ते वर स्वतः नेऊन दिलं आणि चाचीची पोच घेतली. ती सही करताना रडत होती. “पोच वली करू नका,” एवढंच काका म्हणाले. महिन्याभरात ट्रंक आणि कॉट घेऊन वडूजला गेले. गल्ली सुनी झाली हो. येतो येतो म्हणत मीही कामाच्या धबडग्यात फिरकलो नाही.

परवा माझ्या नावानं रजिस्टर आलं. काकांनी शिकवल्याप्रमाणं सही केली, तारीख टाकली, वेळ टाकली. आत काकांचं वळणदार अक्षर, ‘आपण सात महिने इकडे फिरकला नाहीत. येथे बोलायला कोणी नाही. पंधरा दिवसांत समक्ष येऊन खुलासा करावा.’ मी तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि खरंच रडलो. मग कार्ड घेऊन लिहिलं, ‘आपले पत्र मिळाले, मजकूर समजला. रविवारी येतोय.’