लिंबाचा थेंब

लहरीपुरा दरवाज्यापाशी एक गुजराती म्हातारा शंख विकायला बसतो. गिऱ्हाइकानं शंका काढली की तो शंखावर लिंबाचा थेंब पिळतो. जरासं फसफसलं की म्हणतो, "जुओ बेन, अस्सल! प्लास्टिकला फेस येत नाही." आणि बाळाचं तोंड पुसावं तसा तो शंख धोतरानं पुसतो.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. जीभ गप्प बसेना. म्हटलं, "काका, गाड्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरतोय. सगळ्या समुद्रात असंच लिंबू पिळणं चाललंय. शंखशिंपल्यांची कवचं झिजायला लागलीत."

त्याचा पुसता हात थांबला.

"म्हणजे बेन, अस्सल तेवढं विरघळणार. प्लास्टिक राहणार."

मी स्कूटर सुरू केली.