काठीला टांगलेला कावळा

काल मुलीने मोबाइलवर उत्तरेकडच्या बर्फाळ जंगलातले डोमकावळे दाखवले. "बाबा, यांची जोडी जन्मभर टिकते," ती म्हणाली. समोर बर्फ दिसत होतं, आणि माझ्या नाकात मात्र आमच्या भाट्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जवळ्याचा, त्या बारीक कोळंबीचा, वास आला.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि त्याची मला ऐट होती. जाळ्यात अडकून मेलेला एक कावळा आईने वाळवणाशेजारी काठीला टांगला, म्हणजे बाकीचे जवळ्याला शिवत नाहीत. सगळे ओरडून ओरडून निघून गेले. एक मात्र होडीच्या काठावर भर उन्हात त्या काठीकडे बघत बसून राहिला.

"आये, काढू काय तो?" मी विचारलं.

"शिकलास म्हंजे आता कावल्याचं सुतक पाळतोस काय रे?" आई हसली. "तो काढलास की जवला गेला. मग पावसात तुझी पुस्तकं खाऊ."

मी परत जवळा पसरायला बसलो.

संध्याकाळी जवळा टोपल्यांत भरल्यावर मी दोरी सोडून कावळा वाळूत ठेवला. होडीवरचा लगेच खाली उतरला. त्याने चोचीने मेलेल्याचा पंख ओढला, मागे सरकून वाट बघितली, परत ओढला.

आईच्या हातातली टोपली तशीच राहिली. ती आता हसत नव्हती.

"तू एवढा शिकलास ना," ती हळूच म्हणाली, "काय तरी कर ना रे त्याचं."

मी हातातली दोरी नुसतीच गुंडाळत राहिलो.