पाठीवरचा हात

निमोण्याहून कारेगावच्या ऑफिसला मी हौसेनं सायकलवर जातो, हे त्या दूधवाल्या मामांना पटतच नाही. रोज चढाला मागून त्यांची फटफटी येते, दुधाचे कॅन खडखडतात आणि माझ्या घामेजलेल्या पाठीवर एक रुंद पंजा बसतो. एका हातात फटफटी, दुसऱ्या हातात मी! नाव ना गाव ठाऊक, तरी चढ संपेपर्यंत ढकलत नेतात.

"मामा, सोडा हो! व्यायामासाठी चालवतोय मी!" मी रोज ओरडतो.

"व्हय व्हय," ते माझी समजूत काढतात, "त्यात काय लाजायचं? तुमचंबी दिस येतील."

सायकल त्यांच्या फटफटीपेक्षा महाग आहे, हे कुठल्या तोंडानं सांगू?

काल तर कहरच झाला. ऑफिसात सकाळचा चहा आला. सगळ्यांना अर्धा कप, मला काठोकाठ आणि वर दोन बिस्किटं. चहावाल्या मावशींना विचारलं, "हे काय?"

मावशी कानाशी वाकल्या. "आपल्याकडं दूध घालत्यात ना, ते मामा सांगत व्हते. घरनं उपाशीच निघता म्हनं. सगळ्या ऑफिसला म्हाईत हाय, पन कुनी बोलत न्हाई."

खुलासा करायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी तिसरं बिस्कीट पुढं केलं.