तुसातल्या बाटल्या

घरात कोणती वाइन ठेवावी, हे आजकाल लोक मला विचारतात. मी सांगतो — हौसेनं सांगतो. सगळ्या एकाच जातीच्या घेऊ नका. मटणासोबत एक दमदार लाल, रोजच्यासाठी एक हलकी लाल, वैनगंगेच्या मासळीबरोबर कोरडी पांढरी, उन्हाळ्याला गुलाबी, पाहुण्यांसाठी एखादी फसफसणारी, आणि जेवणानंतर घोटभर घ्यायला गोड. आपल्याकडच्या उन्हात ती टिकवायची कशी, हेही सांगतो. पण हा नाद मी कसा जपला, आणि त्यापायी काय केलं — ते कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती शेवटच्या आजारात असताना एकदा ओठांवर आलं होतं, गिळलं.

मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर मुलानं नाशिककडचे द्राक्षमळे दाखवले, तिथून हे सुरू झालं. प्यायचो कमी, जमवायचो जास्त. मग जिल्ह्यात दारूबंदी आली. तेव्हा बाटल्या ओतून द्यायला हव्या होत्या ना? मी उलट वाढवल्या. नागपूरहून येताना धोतरात गुंडाळून एकेक आणायचो. एसटी कुठं तपासणीला थांबली की पिशवी सीटखाली सरकवायचो. आणि त्याच दिवसांत मी आमच्या वॉर्डाच्या व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष होतो. भाषणं करायचो. ही दोन माणसं एका घरात कशी राहतात? राहतात. मी राहिलो.

मागच्या गोठ्यात एक जुनी ढोली होती — धान साठवायची, बांबूची, शेणानं लिंपलेली. तिच्यात मी गिरणीतलं धानाचं तूस भरून घेतलं होतं. तुसात भर मे महिन्यातही गारवा राहतो. त्यात बाटल्या आडव्या ठेवायच्या, म्हणजे बूच सुकत नाही. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटायचं.

तूस भरून दिलं डोमाजीनं. आमच्या शेताचं, घरचं वरकाम तोच बघायचा. एकेकाळी मोहाची पुष्कळ प्यायचा. पण त्याच्या मुलीची, सुनंदाची, सोयरीक वडशाकडं जुळत होती आणि व्याह्यांची एकच अट होती — बापानं दारू सोडली पाहिजे. डोमाजीनं सोडली. मला माहीत होतं; रोज माझ्यासमोर असायचा. ‘त्या ढोलीला हात लावू नको,’ असं मी त्याला बजावलं होतं. का, म्हणून त्यानं कधी विचारलं नाही.

एक दिवस महिला मंडळाच्या बाया आमच्या गल्लीत आल्या. कुणीतरी दारू लपवल्याची खबर होती, घरोघर बघणार होत्या. बायको तेव्हा मुलाकडं गेलेली. मी फाटक उघडलं आणि म्हणालो, सुरुवात माझ्या घरापासून करा. अध्यक्ष होतो ना! तुसात कोण हात घालणार? पण आमच्या भागात चोरून दारू विकणारे माल तुसातच दडवतात — हे त्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. मलाच नव्हतं.

मंडळाच्या बेबीबाईंनी ढोलीत कोपरापर्यंत हात घातला आणि बाटली ओढून काढली. मग दुसरी. डोमाजी तिथंच गोठा झाडत होता.

“काऊन डोमाभाऊ, सोडली म्हणत होता ना?” त्या म्हणाल्या. “मंग ह्या काय कोंबडीनं घातल्या तुसात?”

बाया हसल्या.

“माह्या नाई जी,” डोमाजी म्हणाला. “सरले विचारा.”

सगळ्या माझ्याकडं वळल्या.

आता इथं — इथं मी नेहमी अडतो. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या वेळी मी गप्प बसलो. भित्रा होतो, तोंड उघडलं नाही. एवढं तर माणूस स्वतःचं पोटात घालू शकतो. पण ते खरं नाही. त्यांच्यातली एक म्हणाली, एवढ्या महागाच्या बाटल्या याच्यापाशी कुठून येतील? तिला संशय आला होता. मी काहीच बोललो नसतो, तरी कदाचित डोमाजी सुटला असता. मी बोललो. “कोणी ठेवायला दिल्या असतील,” मी म्हणालो. “गरीब माणूस आहे, सांभाळून घ्या.”

सांभाळून घ्या — हेही मीच म्हणालो.

पोलीस आले, त्याला घेऊन गेले. केस झाली. वडशाची सोयरीक मोडली. स्वतःच्या घराची झडती देणारा माणूस म्हणून समितीनं माझा सत्कार केला. शाल मी हात जोडून घेतली. डोमाजी पुन्हा कामावर आला नाही. मी बोलावलं नाही.

पुढं आमच्या जिल्ह्यातली बंदी उठली. बाटल्या बैठकीत काचेच्या कपाटात आल्या. गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी कुरखेड्याला गेलो, तर कळलं की सुनंदा तिथंच राहते. एका बिजवराला दिली होती तिला. डोमाजीही तिच्याकडंच असतो. का गेलो मी त्यांच्या घरी? सांगायचं म्हणून गेलो, असं वाटतं. खात्री नाही.

सुनंदानं चहा दिला. बापाकडं बोट करून म्हणाली, “सर, तुमीच समजवा यायले. अजूनई म्हणते, बाटल्या माह्या नव्हत्या. आता कबूल केलं तं कोन फाशी देते? पोरीसंग तं खरं बोलावं मानसानं.”

डोमाजीनं माझ्याकडं पाहिलं. 

“जुनी गोष्ट आहे, सोड,” मी तिला म्हणालो. आणि बस पकडली.

त्या बाटल्या माझ्या होत्या. सगळ्या. मी निवडलेल्या, मी आणलेल्या, मी तुसात पुरलेल्या. डोमाजीनं दारू सोडली होती, आणि मुलीशी तो खरंच बोलत आला आहे. खोटं मी बोललो — एकदा माझ्या गोठ्यात, आणि एकदा तिच्या घरात, तिच्या हातचा चहा पिताना.