आतोबांनी काशीत काय सोडलं

काशीला एकदाही न गेलेल्या माणसांत काशीची सर्वांत जास्त माहिती आमच्या आतोबांना होती, आणि खरं सांगायचं तर काशीला जाऊन आलेल्यांतही त्यांच्याइतकी कुणाला नव्हती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नारपोलीत त्यांचे कापड विणायचे आठ लूम होते, आणि त्या खडखडाटात काशीमाहात्म्य सांगून सांगून त्यांचा आवाज कायमचा चढला होता. लग्नघरी कुणाच्या कानात काही सांगायला वाकले तरी अख्खा मांडव वळून बघायचा. ऐंशीच्या दशकात आमच्या भागातून काशीला निघालेला माणूस तिकिटाआधी त्यांच्याकडे यायचा. मग आतोबा कापड तपासायच्या टेबलावर खडूने गंगा काढत, तिच्यावर घाट, घाटांमागे गल्ल्या. "हितं दशाश्वमेध. हितनं फुडं मणिकर्णिका. पन आधी काळभैरव. तो काशीचा कोतवाल हाय. त्याची परवानगी घेतल्याबिगर शिरलास, तर चोरासारका शिरलास." यात्रेकरू मान डोलवत निघून जाई, आणि त्या दिवशी तपासलेल्या ताग्यावर पांढरी गंगा उमटलेली सापडे.

ही सगळी विद्या त्यांना मिळाली होती ती त्यांच्याच लूमवरच्या एका वयस्क मुसलमान विणकराकडून. हे मूळचे बनारसचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांचं बालपण घाटांवरून उड्या मारण्यात गेलेलं, त्यामुळे कुठल्या गल्लीत कुठला विनायक आणि पंचगंगा घाटाच्या पायऱ्या किती उभ्या, सगळं तोंडपाठ. शिफ्ट संपली की आतोबा चहा मागवत आणि विचारत, "चाचा, अन्नपूर्णा के बाजू में कौन?" चाचा बशीत चहा ओतत म्हणायचे, "सेठ, कितनी बार पूछिएगा? एक बार चलके देख लीजिए." यावर आतोबा ऐकू न आल्यासारखं करत. लूमच्या धंद्यात तेवढी एक सोय असते.

यात्रेहून परतलेल्यांची तर ते परीक्षाच घेत. मानकोलीचे एक नातेवाईक काशी करून आले. त्यांनी गंगेचा गडू पुजला, थाटात मावंदं घातलं. आतोबा पानावर बसले आणि पहिल्या घासाआधी यजमानाला म्हणाले, "साक्षीविनायकाकडं हजेरी लावलीस?"

"न्हाय बा. गर्दी व्हती."

"मंग तू काशीला जाऊन आलास याला साक्ष कोन?"

यजमानाचा चेहरा पडला. आतोबांनी ती यात्रा जागच्या जागी रद्द केली आणि रद्द झालेल्या यात्रेच्या मावंद्याला चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

असा हा माणूस स्वतः मात्र काशीला जात नव्हता. कारण एकच. काशीला गेलं की खाण्यातली एक आवडती वस्तू तिथे कायमची सोडून यायची, अशी आपल्याकडची रीत आहे. लोक हुशारीने कारलं सोडतात, दुधी सोडतात. आतोबांना याची भयंकर चीड. "दुधी तुला घरी तरी कवा पायजे व्हता?" असं ते तोंडावर विचारत. सोडायचं तर जिवाला लागेल असं काहीतरी. आणि आतोबांच्या जिवाला लागेल अशी वस्तू उभ्या जगात एकच होती, ती म्हणजे आत्याच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण. ते त्यांनी सराव म्हणून घरातल्या घरात सोडून पाहिलं. पहिल्या खेपेला नऊ दिवस टिकले, दुसऱ्या खेपेला दुपारपर्यंत. मग "अजून मनाची तयारी न्हाय" म्हणत एकेक वर्ष पुढे ढकलत राहिले.

यात अडकली होती आत्या. तिला मनापासून काशीला जायचं होतं. दोन्ही जावा जाऊन आल्या होत्या. नवऱ्याला सोडून ती जाणार नव्हती, आणि तिचे गुडघे दर थंडीत आणखी थोडे अडून बसत होते. "माझं पाय हायेत तवर चला," एवढंच ती म्हणे. मला आतोबांचा तेव्हा फार राग यायचा. एका मासळीपायी माणसाने बायकोला दहा-बारा वर्षं तिष्ठत ठेवावं, म्हणजे काय?

शेवटी नव्वद साल उलटल्यावर एकदा चाचा गावी निघाले, तेव्हा त्यांनीच तीन तिकिटं काढली आणि त्या टेबलावर आणून ठेवली. सेठना नाही म्हणायला जागाच उरली नाही. काशीत पोचल्यावर आतोबा दुसऱ्या गल्लीतच वाट चुकले. टेबलावरच्या काशीत गाई नव्हत्या. काळभैरवाच्या दारापर्यंत चाचांनी त्यांना हाताला धरून नेलं आणि स्वतः बाहेर चपला सांभाळत उभे राहिले.

पुढचं आत्याने मला हसत हसत सांगितलं. घाटावर गुरुजींनी दोघांच्या ओंजळीत पाणी दिलं आणि आतोबांना विचारलं, काय सोडता? आतोबांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळायला लागलं. तेव्हा आत्या म्हणाली, "सुका बोंबील. मी सोडला. यांचा ऱ्हाऊ द्या." आणि तिने पाणी सोडलंसुद्धा. बोंबील तिलाही त्यांच्याइतकाच आवडायचा. हे तिला कधी विचारावं असं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं, आणि आतोबांना तर नाहीच नाही.

घरी आल्यावर ती त्यांच्यासाठी कालवण करतच राहिली. पण एकदा सोडलेली वस्तू चाखताही येत नाही, त्यामुळे मीठ अंदाजाने पडू लागलं. कधी दोनदा पडे, कधी पडतच नसे. मिठाचा खडा कमी झाला म्हणून भरल्या ताटावरून उठून गेलेले आतोबा मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहेत. एका रविवारी मी त्यांच्या शेजारी जेवायला बसलो होतो. पहिला घास घेतला आणि माझा हात सरळ पाण्याच्या तांब्याकडे गेला. आतोबांनी तो मधेच धरून खाली दाबला.

ओट्याशी उभी राहून आत्या विचारत होती, "मीठ बरोबर हाय का वो?"

"येकदम बरोबर," आतोबा म्हणाले आणि त्यांनी वाटी पुन्हा तिच्यापुढे धरली. काय करणार, मीही धरली.