दोन स्टिअरिंग बॉक्स
परवा सिंगापूरला, बिशानमधल्या आमच्या ब्लॉकखाली कुणाच्या तरी गाडीतून गिअर ऑइल सांडलं होतं. त्या उग्र वासाने मला इथलंच एक जुनं भंगाराचं दुकान आठवलं. जहाजावरचे माझे पहिले चीफ इंजिनिअर रिटायरमेंटच्या तयारीत होते आणि साताऱ्याला एका जुन्या गाडीचं छप्पर उतरवून स्वस्तात हॉट रॉड, म्हणजे दणकट इंजिनाची वेगवान गाडी, बांधत होते. जहाज इथल्या बंदराला लागलं, तेव्हा तिच्यासाठी स्टिअरिंग बॉक्स घ्यायला ते मला सोबत घेऊन गेले. दुकानात दोन होते, एक ताजा रंगवलेला आणि एक गंजका. दुकानदार अंकल रंगवलेल्याला थोपटत म्हणाला, “दिस वन गुड, लाह.” सरांनी त्याचा दांडा माझ्या हातात दिला. “फिरव आणि सांग.” जहाजावर ते अशीच परीक्षा घ्यायचे. मी दोनदा फिरवला आणि ज्युनिअरच्या सवयीने म्हणालो, “ओके, सर.” ते भडकले. “ओके काय? बोटांना काय लागतं ते सांग! उद्या घाटात त्याच्या भरवशावर मी बसणार आहे.” मग मी डोळे मिटून सावकाश फिरवला. मध्ये ठीक होता, पण टोकांना जाम होत होता. मधली झीज लपवायला कुणीतरी स्क्रू आवळला होता. गंजका मात्र सगळीकडे सारखा फिरला. तोच घेतला. परतताना एमआरटी मेट्रोत सरांच्या हातातून रुमाल गळून पडला, तरी त्यांना कळलं नाही. मी उचलून दिला, तेव्हा म्हणाले, “सकाळी नोव्हेना भागातल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. बोटांना काही लागतच नाही रे हल्ली.” त्यांना माझी बोटं हवी होती, आणि मी परीक्षा समजून ओके म्हणून मोकळा झालो होतो.