किती शार्प म्हणजे शार्प?

फोटो स्टुडिओवाल्यांना किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. जुनी लग्नं डिलीट करून हार्ड डिस्क रिकामी करता येते, किस्से कुठे डिलीट करणार? त्यात आमचं दुकान रहाटणीत. एक गिऱ्हाईक मराठवाड्यातलं, दुसरं कोकणातलं, तिसरं इथल्याच गावकीतलं, आणि सगळ्यांची मागणी एकच. फोटो क्लियर पाहिजे!

स्टुडिओ आमचा दोघांचा. माझे दीर दत्ताभावजी फोटो काढतात, मी कॉम्प्युटरवर एडिटिंग करते. आमचे हे कंपनीत शिफ्टला. या भानगडीशी आपला संबंध नाही, असं ते न विचारता सगळ्यांना सांगतात.

लगीनसराई संपली की आम्ही माश्या मारत बसायचो. शेवटी गाळामालकाने स्पष्टच सांगितलं, की केकच्या दुकानवाला मागे लागलाय, दिवाळीपर्यंत तुमचं नीट चालताना दिसलं नाही तर गाळा खाली करा. म्हणजे आता चाकणच्या कारखान्यांचं बारमाही काम मिळवायचं, नाहीतर शटर ओढायचं. माझी तर झोपच उडाली. भावजींची नाही उडाली. झोपेच्या बाबतीत ते नशीबवान आहेत.

*

आमचं भांडण कायम एकाच गोष्टीवरून, शार्पनिंग. फोटो जरा मऊ आला की कडा उठून दिसाव्यात म्हणून त्याला कॉम्प्युटरवर धार लावतात. सॉफ्टवेअरमध्ये त्याचे तीन-चार प्रकार. मी 'अनशार्प मास्क'वाली. भावजींना ते नावच मान्य नाही.

"वहिनी, नावातच अनशार्प हाय. उगं डोकं लावायलाव तुम्ही."

मी त्यांना बसवून समजावलं, की कॉम्प्युटर नव्हते तेव्हाचं हे नाव आहे. मूळ फोटोची एक धूसर कॉपी करायची, दोन्हींतला फरक काढायचा, आणि तो फरक वाढवला की कडा ठळक होतात. त्यांनी सगळं मान हलवत ऐकलं. मला वाटलं, चला, डोक्यात शिरलं.

दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायला लागले, "आमच्याकडं वहिनी स्वतः फोटो अनशार्प करून देतात." एक बाई ते ऐकून सरळ समोरच्या स्टुडिओत गेल्या.

*

मग त्या काळेवाडीच्या काकू. लग्नाच्या बायोडेटासाठी मुलाला घेऊन आल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की फोटोत मुलगा शार्प दिसला पाहिजे बरं का.

मला काय, गिऱ्हाईक देव. मी मनापासून शार्प केला. दाढीचा खुंट न् खुंट मोजता येईल असा. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या, त्याचे खड्डेसुद्धा उजेडात आणले. काकूंनी फोटो बघितला आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई, शार्प म्हणजे हुशार गं!"

मी जीभ चावली. तो फोटो पुन्हा केला, चेहरा मऊच ठेवला आणि शार्पनिंग फक्त डोळ्यांना आणि चष्म्याच्या काडीला दिलं. मुलीकडच्यांचा होकार आला. मुलगी म्हणे म्हणाली, डोळे हुशार वाटतात. लग्नाची ऑर्डरही आम्हालाच मिळाली, आणि चेहऱ्याला सरसकट धार लावायची नसते हे मला तेव्हापासून पक्कं कळलं.

*

त्याच लग्नाचा अल्बम. भावजींनी मला न सांगता त्यांच्या लॅपटॉपवर सगळे फोटो शार्प करून ठेवले. मला काय माहीत? मी परत केले. छापणाऱ्या लॅबवाल्याने त्याच्याकडून आणखी एक हात फिरवला. एका वरणाला तिघांनी फोडणी दिली! शालूची जर तारेसारखी दिसत होती आणि मागच्या झाडाची पानं टाचण्यांसारखी.

काकू अल्बम उघडायला लागल्या तेव्हा मी देवाचं नाव घेत होते. त्यांनी नेमकं जरीवर बोट ठेवलं आणि जावेकडे वळून म्हणाल्या, "बघ. म्हणत नव्हते मी, जर अस्सल आहे म्हणून!" दोघींचा त्या शालूवरून खरेदीपासून वाद चालला होता. काकू खुश झाल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर मी नियम केला. शार्पनिंग एकदाच, सगळ्यात शेवटी, आणि तेही मी करणार. भावजी म्हणाले, माणसांचं तुमच्याकडे, पण कंपनीचं काम आलं तर माझ्या पद्धतीने, म्हणजे 'हाय पास' नावाच्या शार्पनिंगच्या दुसऱ्या प्रकाराने. लोखंडाला धार जास्त लागते म्हणे. मी म्हटलं, आधी काम तर येऊ द्या.

*

आणि काम आलं. मोशीचे आबा. जुन्या शेतकरी घरातले, पांढरी टोपी, चाकणला वर्कशॉप. तिथे लोखंडी रिंगा बनवून ते एका मोठ्या कंपनीला देतात. माल जायच्या आधी त्याचे फोटो पाठवावे लागतात. आबा म्हणाले, हा लॉट नीट पार पडला तर दर लॉटचे फोटो तुमचेच, शेजारच्या वर्कशॉपवाल्यांनाही सांगतो. मी मनातल्या मनात केकवाल्याला हात जोडले.

भावजींनी फोटो काढले, हाय पास लावला, पाठवले. आणि एका सकाळी आबा आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक रिंग माझ्या टेबलावर ठेवली. कंपनीने लॉट अडवला होता. फोटोत बर दिसते म्हणे. बर म्हणजे लोखंड कापल्यावर कडेला राहतो तो खरखरीत काठ, बोट चिरतं त्याने.

"ताई, बोट फिरवा. कुठं हाय बर?"

मी बोट फिरवलं. एकदम गुळगुळीत. मग फोटो उघडून मोठा केला, तर प्रत्येक रिंगेच्या कडेने एक पांढरी रेघ. अति धार लावली की अशी रेघ उमटते. बर आबांच्या मालाला नव्हतीच, भावजींच्या हाय पासला होती. भावजी पंख्याकडे बघत बसले.

आम्ही तिघं आबांच्या जीपमधून कंपनीत गेलो. तपासणीच्या मॅडम वयाने लहानच, पण बोलणं मोजकं. मी लॅपटॉप उघडला आणि शार्पनिंग चालू-बंद करून दाखवलं. चालू केलं की बर, बंद केलं की गायब. मला वाटलं, सुटलो. मॅडम शांतपणे म्हणाल्या,

"म्हणजे फोटोशॉपमध्ये बर काढून टाकता येते तर."

खरं सांगते, मला तिथे केकचा वास यायला लागला.

आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि रिंगेच्या कडेवरून जोरात घासली, बाहेरून, आतून, सगळीकडून. टोपी पुढे धरली. एक धागा निघाला नव्हता. मॅडमनी ती टोपी घेतली, लॉटच्या पेट्या उघडायला लावल्या आणि स्वतः निवडून एकेक रिंग घासत सुटल्या. आबा तसेच बोडक्या डोक्याने उभे. माझ्याच्याने ते बघवत नव्हतं.

शेवटी मॅडमनी टोपी झटकली आणि दोन्ही हातांनी आबांना परत दिली.

"आबा, लॉट पास."

मला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात मॅडम माझ्याकडे वळल्या.

"फोटो मात्र रिजेक्ट. रिवर्क करून आणा. आणि पुढच्या लॉटचे काढाल ते आधी मला दाखवा."

पुढच्या लॉटचे! मला तेवढंच ऐकू आलं. आबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, शेजारच्या बाकावरची, बर घासून काढायची कानस उचलली आणि भावजींच्या हातात दिली.

"घ्या भाऊ. फोटोला मारा."